भिंतीकडे तोंड केलेले रेडिओ

पेणच्या एका वाचनालयाने त्यांच्या वार्षिक अंकासाठी मला लिहायला सांगितलं आहे. विषय, पेणच्या रेडिओ-टीव्ही कारखान्याचा इतिहास. दोन पानं, आणि शक्यतो तारखांसह. तारखा माझ्याकडे नाहीत. तारखा सांभाळणारी माणसं वेगळी असतात, मी टेस्टिंगला होते. पण त्या कारखान्यातला एक रविवार माझ्याकडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत जसाच्या तसा आहे, आणि तो सांगायचा म्हटलं की आजही माझी जीभ धावायला लागते. दोन पानांत बसला तर बसला, नाहीतर संपादकांनी खुशाल कात्री लावावी.

पेणमध्ये नुसतं कारखाना म्हटलं की लोकांना गणपतीचाच कारखाना कळतो. आमचा तो 'रेडिओवाला'. एका बंद पडलेल्या भाताच्या गिरणीत तो सुरू झाला. सुरू करणारे शेठ कोकणातल्या मराठी ज्यू घरातले, मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. मी त्यांना पाहिलं नाही. मी लागले तोवर ते मुलाबाळांबरोबर इस्राएलला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती आणि कारखाना दोन भागीदारांनी घेतला होता. पण शेठनी घालून दिलेल्या दोन गोष्टी तशाच चालू होत्या. एक म्हणजे सुट्टी शनिवारी. सगळं पेण रविवारी दुपारी घोरत पडायचं आणि आम्ही डबे घेऊन कामावर. दुसरी म्हणजे बाया घ्यायच्या त्या हमरापूर-जोह्याच्या, गणपती रंगवणाऱ्या घरांतल्या. शेठ म्हणायचे म्हणे, "जिला गणपतीच्या उंदराची मिशी ब्रशने ओढता येते तिला तार जोडायला काय शिकवायचं?" माणूस हुशार होता.

आधी रेडिओ झाले, मग लाकडी शटरचे काळे-पांढरे टीव्ही, मग रंगीत. गल्लीतला पहिला टीव्ही आमच्याच घरी आला आणि तो याच कारखान्याचा होता, असं पेणमधली निम्मी घरं सांगतात. सगळीच खरी असतील असं नाही. मी लागले तेव्हा मोठ्या कंपन्यांचे टीव्ही दुकानातून हप्त्यावर मिळायला लागले होते, आमची टीव्हीची लाईन आठवड्यातले तीन दिवस माश्या मारायची, आणि तळहाताएवढ्या एफएम रेडिओच्या ऑर्डरींवर आम्ही तग धरून होतो. पुढे त्याही संपल्या. त्या शेडमध्ये आता गणपतीचा कारखाना आहे, म्हणजे पेणने शेवटी आपलंच खरं केलं.

मी रोह्याची. आयटीआय झालेली, वीस वर्षांची, सकाळच्या पॅसेंजरने पेणला यायची. अंगात घाई अशी की आई म्हणायची, हिला भूक लागली तर ही तांदूळच खाईल. रागही नाकाच्या शेंड्यावर. आता तो जरा खाली उतरलाय, असं माझा नवरा चारचौघांत सांगतो आणि घरी गप्प बसतो.

तर रीत अशी. गणपतीचं रंगकाम घरातलं कोणीही करेल, पण डोळ्यांची आखणी एका ठरलेल्या हाताची. तो हात घरात नसेल तर मूर्ती थांबतात. आमच्या बायांच्या घरांत आखणी राहिलेली मूर्ती भिंतीकडे तोंड करून ठेवायचे. डोळे नसलेल्या चेहऱ्याकडे कोणाची नजर जायला नको. या बायांनी हीच रीत रेडिओला लावली होती. सगळं जोडून झालं की शेवटची तार स्पीकरची. तिला डाग द्यायचा, म्हणजे सोल्डर करायची, ती फक्त आत्याने. तोवर रेडिओ मांडणीवर भिंतीकडे तोंड करून उभे. आत्या एकेक उचलायची, तारेला डाग द्यायची, बटण फिरवायची, आतून शब्द आला की म्हणायची "बोलला," आणि मागचं झाकण लावून टाकायची.

आत्या आमच्यापैकी कोणाचीच आत्या नव्हती. जोह्याची, साठीला आलेली, शेठच्या काळापासूनची. पूर्वी गावात तिच्या आखणीचे गणपती लोक आधी सांगून ठेवायचे. दोनएक वर्षांपूर्वी तिने आखणी सोडली होती. कंपनीतून वेळ मिळत नाय, असं म्हणायची. कारखान्यातली बाकीची कामंही तिने एकेक करून सोडली होती, राहिली होती ती एवढी एक तार.

आणि तीच नव्या मॅनेजरसाहेबांच्या डोळ्यावर आली होती. माणूस वाईट नव्हता, पण ठाण्याहून आलेला. त्यांचं म्हणणं असं की वीस जणी भराभर जोडतात आणि सगळं काम एका म्हातारीच्या टेबलावर येऊन तुंबतं. त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, दिवाळीनंतर ही शेवटच्या तारेची भानगड बंद, आणि त्या एका तारेसाठी ठेवलेलं माणूसही बंद. आत्याचा नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही, भाच्याच्या घरात राहायची. पगार बंद झाला की तिथली खाट कुठे सरकणार हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही डब्याच्या सुट्टीत साहेबांना यथेच्छ नावं ठेवली.

आता माझं पाप. टेस्टिंगला एका वेळी पन्नास रेडिओ बोलायला लागले तर डोकं फुटेल, म्हणून आम्ही कानात इअरफोन घालून तपासायचो. इअरफोनमधून आवाज यायला स्पीकरची तार लागत नाही. म्हणजे माझं तपासून झालं तरी रेडिओ मुकाच असायचा, आत्याचा हात लागेपर्यंत. नियम असा होता की आत्या "बोलला" म्हणाली की मी हिरवी 'पास' चिठ्ठी चिकटवायची. पण मला कुठला दम! मी तपासतानाच चिठ्ठी लावून मोकळी व्हायची. वर्षभर चाललं, कोणाचं काही अडलं नाही.

गणपतीच्या आधी रोह्याच्या एका पतसंस्थेची दोनशे रेडिओंची ऑर्डर आली. वर्धापनदिनाला प्रत्येक सभासदाला एक. नेमका त्याच वेळी आत्याचा दीर वारला. दहा दिवसांचं सुतक. सुतकात गणपतीला हात लावत नाहीत, तसा तिने रेडिओलाही लावला नसता. साहेब म्हणाले, "यंत्राला कसलं सुतक?" पण ती घरी बसली आणि बाकीच्या कोणी तिच्या तारेला हात लावला नाही. दहा दिवसांत दोनशे रेडिओ मांडणीवर ओळीने भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, प्रत्येकावर माझी हिरवी चिठ्ठी. पॅकिंगला त्याच आठवड्यात नागोठण्याचा एक नवा माणूस लागला होता. भिंतीकडे तोंड म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, कारण आम्हाला वाटायचं ते सगळ्या जगाला माहीत आहे. त्याने चिठ्ठी बघितली, शुक्रवारी संध्याकाळी राहिलेली झाकणं लावून सगळे खोक्यांत भरले आणि टेम्पो रोह्याला गेला.

रविवारी सकाळी आत्या कामावर आली. पदराने टेबल पुसलं, मांडणीकडे हात नेला आणि तिथेच थांबली.

"माझे रेडिओ कुठं गेले गो?"

पॅकिंगवाला अभिमानाने म्हणाला, "पाठवले की! सगळे पास होते."

कार्यक्रम त्याच दिवशी, दुपारी चारला, रोह्याच्या हॉलमध्ये. पतसंस्थेच्या अध्यक्षांनी एक नामी कल्पना काढली होती, ती साऱ्या रोह्याला माहीत होती. सगळ्या सभासदांनी हातात रेडिओ घ्यायचा, आत सेल घालायचे, आणि अध्यक्षांनी खूण केली की दोनशे जणांनी एकदम बटण फिरवायचं. वर आमचे साहेब पाहुणे म्हणून स्टेजवर. दोनशे माणसं बटण फिरवणार आणि हॉलमध्ये चिडीचूप. आणि मग साहेब काय म्हणणार ते आंधळ्यालाही दिसत होतं. म्हातारी नव्हती म्हणून ऑर्डर बुडाली, तेव्हा म्हातारीच नको. दिवाळीची वाटसुद्धा बघणार नव्हते.

सुपरवायझर काकांनी साहेबांचा मोबाइल लावला. रेंज नाही. पुन्हा लावला. रेंज नाही. काका घाम पुसत खाली बसले. मी म्हटलं, "बसताय काय, पॅसेंजर आहे! आत्ता निघालो तर बारा-साडेबाराला रोह्यात."

आत्याने एकदा मांडणीकडे बघितलं. "दोनशे एकटीच्यानं व्हायचं नाय," ती म्हणाली. "तुम्ही पण द्या डाग."

हमरापूरची एक बाई हळूच म्हणाली, "आत्या, आम्ही केलं आणि सायबांनी बघितलं, तर म्हणतील हे तर कोणाला पण जमतं. मग तुझं काय?"

"म्हणू दे. मुका रेडिओ लोकांच्या घरी जाणार नाय. चला."

असं म्हणून तिने आपली सोल्डरची पेटी माझ्या हातात दिली. त्या पेटीला तोवर मी बोट लावलं नव्हतं. आम्ही सहा जणी निघालो, रिक्षात कोंबून, पिशव्यांत सोल्डर गन, तारेची रिळं, स्क्रू-ड्रायव्हर, तपासायला सेल. फलाटावर पोचलो तर गाडी सुटत होती. मी सगळ्यात पुढे, दांड्याला लटकून एकेकीला आत ओढतेय आणि गार्ड शिट्ट्या मारतोय. आत्याला दोघींनी उचललंच जवळजवळ. डब्यात पडल्यावर आम्ही सगळ्या हसत सुटलो. काय हसण्यासारखं होतं देव जाणे.

कासू झालं, नागोठणं झालं, आणि निडीला गाडी उभी राहिली. क्रॉसिंग. तेव्हा एकच रूळ होता. समोरून मालगाडी यायची होती आणि ती काही येईना. दहा मिनिटं, वीस मिनिटं. दोन्ही बाजूंना भाताची शेतं, पाऊस भुरभुरतोय, आणि पाच किलोमीटरवर माझं रोहा. मी दारात उभी राहून सिग्नलला शिव्या घालत होते. शेवटी मला राहवेना. आत आले आणि आत्यासमोर बसून एका दमात सांगून टाकलं, की चिठ्ठ्या मी आधीच लावते, वर्षभर लावते, हे सगळं माझ्यामुळे झालं.

बाकीच्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मला गाडीखाली जावंसं वाटलं.

आत्या म्हणाली, "माहीत हाय."

"कसं?"

"चिठ्ठी फाडतेस त्याचा आवाज येतो. माझ्या 'बोलला'च्या आधी येतो रोज."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तूच सांगशील म्हटलं कधीतरी," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. तेवढ्यात मालगाडी धडधडत आली आणि आम्ही सहाही जणींनी टाळ्या वाजवल्या. डब्यातल्या लोकांना वाटलं असेल, कुठल्या इस्पितळातून सुटल्यात.

हॉलच्या मागच्या दाराने शिरलो. राखणदार माझ्या शेजारच्या आळीतला होता. मी म्हटलं, "काका, रेडिओंना हळदीकुंकू लावायचंय, कंपनीची पद्धत आहे." त्याने बिचाऱ्याने कुलूप काढून दिलं. स्टेजच्या मागे कपडे बदलायची एक खोली, तिला कोपऱ्यात एक झरोका, आणि तिथे खोक्यांचा ढीग. बसलो जमिनीवर. दोघी खोकी उघडून स्क्रू काढायच्या, तिघी डाग द्यायच्या, एक झाकण लावून पुन्हा भरायची. माझा पहिला डाग म्हणजे शिशाचा लाडू झाला. दुसरा जरा बरा. पण आमचा हात बसला आणि काय वेग आला सांगू! कोणी बोलत नव्हतं, फक्त "बोलला", "बोलला", "बोलला", तीन तोंडांतून. मला तर हे असंच दिवसभर चालावं असं वाटायला लागलं. दोन वाजेपर्यंत शंभराच्या पुढे गेलो.

आणि वीज गेली.

लोडशेडिंग. मी रोह्याची असून विसरले होते! गन थंड पडायला लागल्या. बाहेर आभाळ भरलेलं, झरोक्यातून येत होता तो उजेड असून नसल्यासारखा. मी धावत मागच्या पडवीत गेले. तिथे कार्यक्रमाचा चहावाला स्टोव्ह पेटवून बसला होता. त्याच्या हातापाया पडून एका बाजूला आमच्या गनची तांब्याची टोकं लालभडक तापवायला ठेवली. तो ओरडतोय, "माझ्या चहाला शिशाचा वास येईल!" मी म्हटलं, "आलं जास्त घाल." तापलेलं टोक चिमट्यात धरून मी आत पळायची, तोवर ते निम्मं निवलेलं. पण खरी अडचण वेगळीच होती. डाग द्यायची ती तांदळाएवढी जागा आता कोणालाच दिसत नव्हती. एकीने बोट भाजून घेतलं, एकीने भलतीच तार जोडली. ऐंशी रेडिओ राहिले होते आणि हॉलमध्ये खुर्च्या मांडल्याचे आवाज यायला लागले होते.

"सरका," आत्या म्हणाली. "मला द्या. तुम्ही नुसते उघडा आणि हातात ठेवा."

आणि सुरू झाली. काळोखात नुसतं चर्र ऐकू यायचं, मग "बोलला". चर्र. "बोलला". दिवसा टेबलावर करायची त्यापेक्षा तसूभरही हळू नाही. आम्ही पाच जणी तिला पुरे पडत नव्हतो. मी पडवीतून टोक आणायची ते तिच्या हातात देईपर्यंत तिचा दुसरा हात पुढे आलेला असायचा. मला इतका आनंद झाला होता की ओरडावंसं वाटत होतं.

तेवढ्यात दार उघडलं आणि मॅनेजरसाहेब आत आले. इस्त्रीचा सफारी, कपाळाला गंध, भाषणाचा कागद हातात. आरसा शोधत आले असावेत.

"कोण आहे? तुम्ही? शिफ्ट सोडून इथे काय करताय?"

मीच उभी राहिले. वाटेत ठरवलं होतं की नीट, हळू सांगायचं. प्रत्यक्षात भांडल्यासारखंच बोलले. "साहेब, रेडिओ मुके आलेत. आत्या नव्हती म्हणून नाही. पास चिठ्ठ्या मी आधीच लावल्या म्हणून. मला काढा, पण आत्ता नको, आत्ता साठ राहिलेत."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग भाषणाचा कागद खिशात घातला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि खाली उकिडवे बसून आत्याच्या हातावर उजेड धरला.

"तो बाजूला घ्या सायब," आत्या म्हणाली. "डोळ्यात जातो नुसता. मला काय त्याचा उपयोग नाय."

तिचा हात रेडिओवर होता आणि तोंड वर, भलतीकडेच. टॉर्चच्या उजेडात तिचे डोळे मी पहिल्यांदा इतक्या जवळून बघितले. दोन्ही बाहुल्यांवर तांदळाच्या धुवणासारखं गढूळ. डाव्या हाताच्या करंगळीने ती जागा चाचपायची आणि उजव्याने डाग द्यायची. मी वर्षभर हिच्यापासून चार हातांवर बसत होते. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी साहेबांकडे. त्यांनी टॉर्च विझवला आणि रेडिओची झाकणं उघडून द्यायला लागले.

चारला दोन-तीन मिनिटं असताना शेवटचं खोकं पडद्याच्या बाजूने बाहेर गेलं. आम्ही विंगेत दाटीवाटीने उभ्या. अध्यक्षांचं भाषण झालं, वाटप झालं, सेल घालून झाले. अध्यक्षांनी हात वर केला. मी आत्याचं मनगट इतकं आवळलं की तिने मला चापट मारली. हात खाली आला.

आणि आवाज! बाई गं, काय आवाज! कुठे गाणं, कुठे बातम्या, कुठे नुसती खरखर, कुठे जाहिरात, दोनशे रेडिओ एकदम कोकलत होते. लहान मुलं खुर्च्यांवर उभी राहून नाचायला लागली, म्हातारे रेडिओ कानाला लावून एकमेकांना काहीतरी सांगत होते, आणि कोणाचं कोणाला ऐकू जात नव्हतं. स्टेजवर साहेब वेड्यासारखे हसत होते. आम्ही सहा जणी विंगेत एकमेकींच्या गळ्यात. फक्त पहिल्या रांगेतले एक आजोबा आपला रेडिओ हलवून हलवून बघत होते. त्यांचा मुकाच. मी मागून जाऊन तो मागून घेतला, उघडला, आत शिशाचा लाडू होता.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये आम्हा दोघींना बोलावणं आलं. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, म्हणजे बातमी वाईट होती. ते आत्याला म्हणाले, "तुमच्यासारखं काम मी पाहिलं नाही. पण जिला दिसत नाही तिच्या हातात तापलेलं हत्यार देता येणार नाही, माझी नोकरी जाईल. तुम्हाला मोतीबिंदू आहे. ऑपरेशन करा, दिवाळीनंतरही ती तार तुमचीच. नाही केलंत तर माझा नाइलाज आहे." मला म्हणाले, "तू टेस्टिंगवरून खाली. हिच्या शेजारी बसायचं, हिचे डोळे व्हायचं, आणि ते काम शिकायचं."

आत्या ऑपरेशनला साफ नाही म्हणाली. तिच्या मामेबहिणीचा डोळा शिबिरात गेला होता. "थोडं दिसतंय ते पण गेलं तर?" ती म्हणायची. "खिडकी कुठं हाय ते तरी कळतं आता." आम्ही समजावलं, भाच्याने समजावलं, मी तर तिच्यावर खेकसलेसुद्धा, आणि मग मलाच रडू आलं. जिने जन्मभर डोळे आखले ती डोळ्यांनाच घाबरली होती, आणि मला तिचा राग यायचा आणि तिच्यासाठी भीतीही वाटायची.

आठवडाभराने तीच म्हणाली, "तुझा डाग नीट झाला की जाईन. तवर नाय. माझं कमीजास्त झालं तर मागं कोणीतरी पायजे."

म्हणजे तिचे डोळे माझ्या हातावर येऊन ठेपले! मला, जिला भात शिजेपर्यंत धीर नव्हता. दिवाळीला महिना-सव्वा महिना होता. ती माझे डोळे पदराने बांधायची आणि करंगळी जागेवर टेकवायला लावायची. "हात पळतो तुझा. थांबव. आता दे." मी दिला की ती बोट फिरवून बघायची आणि म्हणायची, "लाडू." दिवसभर लाडू. घरी जाऊनही मी जुन्या रेडिओवर डोळे मिटून सराव करत बसायची, आई म्हणायची पोरगी गेली हातची. मग एके दिवशी तिने बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, बटण लावलं, आत कोणीतरी हवामान सांगत होतं. ती म्हणाली, "बोलला." आणि पदर सावरत, "कधी जायचं शिबिराला?"

आज रोह्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि गिऱ्हाइकं म्हणतात बाईचा हात चांगला आहे. असो.

ऑपरेशन पेणलाच झालं. पट्टी काढायच्या दिवशी भाच्याला सुट्टी नव्हती, म्हणून मी गेले. डॉक्टरांनी हळूच पट्टी सोडली. आत्याने डोळे किलकिले केले, मिटले, पुन्हा उघडले. आधी खिडकी बघितली. मग भिंतीवरचं कॅलेंडर, मग स्वतःचे हात, उलटे सुलटे करून. मग माझ्याकडे वळली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली, अनोळखी माणसाकडे बघतात तशी.

"आत्या, मी," मी म्हटलं.

"तू व्हय?" तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. "एवढीशी हायस व्हय गो तू? आवाजावरनं मला वाटलं चांगली थोराड बाई असशील."

डॉक्टर हसले, नर्स हसली. मीही हसायला गेले.

"रडू नको गो," आत्या म्हणाली. "आता मला दिसतं."